गळा डोक्यातून जात नाही? टाके असे बंद करा

बाळंतविड्यातल्या स्वेटरची बॉर्डर छान ताणली जाते, पण गळ्याची कड मात्र दोरीसारखी घट्ट बसते. नवजात बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३५ सेंमी असतो. बंद गळ्याची कड ताणून त्याहून थोडी जास्तच भरायला हवी.

एक सुलट, एक उलट बॉर्डर ओढली की सुलट टाक्यांमागे दडलेल्या उलट टाक्यांच्या उभ्या ओळी बाहेर येतात. विणकाम संपवताना साध्या पद्धतीने टाके बंद केले, म्हणजे एकेक टाका पुढच्यावरून काढत सुई रिकामी केली, की कडेला साखळी तयार होते. तिच्यात ताणायला लोकरच शिल्लक नसते. हात सैल सोडून किंवा जाड सुई घेऊन थोडाच फरक पडतो (बॉर्डर १२ नंबरच्या सुईवर विणली असेल तर १० नंबरची सुई, आपल्याकडे नंबर वाढला की सुई बारीक होते). खरा उपाय म्हणजे प्रत्येक टाक्याला जादा लोकर देणे.

सुलट टाक्याआधी लोकर मागून उजव्या सुईवरून पुढे आणा आणि खालून परत मागे न्या. टाका सुलट विणा. सुईवरचा तो वेढा विणलेल्या टाक्यावरून उचलून सोडून द्या. उलट टाक्याआधी वेढा उलट्या दिशेने घ्यायचा: लोकर पुढून सुईवरून मागे, खालून परत पुढे. मग टाका उलट विणा आणि हा वेढाही त्याच्यावरून उचलून सोडून द्या. उजव्या सुईवर दोन टाके झाले की पहिला दुसऱ्यावरून काढा. शेवटपर्यंत असंच. वेढ्याची दिशा चुकली तर तो नीट सुटत नाही, टाक्याला पीळ बसतो. बहुतेकांचं अडतं ते इथेच.

लोकर नेहमीपेक्षा बरीच जास्त लागते. गुंडा संपत आला असेल तर आधी १० टाके बंद करून किती लोकर लागली ते मोजा, उसवा, हिशेब करा.

कानटोपी, पायमोजे, मनगट, गळा यांना हीच पद्धत वापरा. खांदा, खिसा, बटणपट्टी यांना नको, कड लाटांसारखी पसरते.

पुण्याच्या बेताच्या थंडीला बरेच जण अ‍ॅक्रिलिक घेतात. त्यावर गरम इस्त्री टेकवू नका. एकदा मऊ पडलेली कड पुन्हा आवळत नाही.

काही अडलं तर टाके सुईवर असतानाच विणकाम आमच्या दुकानात घेऊन या.