निबंधाआधी चार चौकटी

माझा भाचा पाचवीत आहे, मराठी माध्यमात. मागच्या महिन्यात त्याला 'अ रेनी डे'वर इंग्रजीत दहा ओळी लिहायच्या होत्या. अर्धा तास पेन्सिल चावत बसला आणि शेवटी गाईडमधल्या ओळी उतरवून मोकळा झाला. बहीण म्हणाली, ह्याला इंग्रजी येतच नाही. मला पटेना, कारण अंब्रेला, वेट, मड, स्कूल सगळे शब्द तोंडी विचारले की पटापट सांगत होता. मग लिहायला बसल्यावर हे सगळं जातं कुठे?

अडकतं ते वर्किंग मेमरीत. ओटीपी टाइप करेपर्यंत लक्षात राहतो ना, ती कामापुरती आठवण. १९७४ मध्ये ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच या मानसशास्त्रज्ञांनी तिचं मॉडेल मांडलं, ते मला आजही फार सुंदर वाटतं. त्यात एक कप्पा आवाजाचा, म्हणजे शब्द मनातल्या मनात घोळवायचा. तो इतका छोटा की घोळवणं थांबलं तर दोनेक सेकंदात शब्द पुसट व्हायला लागतात. दुसरा कप्पा चित्राचा, जागा आणि आकार धरून ठेवणारा. आणि दोघांवर लक्ष ठेवणारा एक मुकादम. नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये हिशोब मांडला की एका वेळी साधारण चारच गोष्टी इथे मावतात.

आता भाच्याचं डोकं बघा. काय सांगायचं, आधी काय नंतर काय, त्याला इंग्रजी शब्द कुठला, स्पेलिंग काय, वर क्रियापद मध्ये आणायचं, कारण मराठीत 'मी छत्री विसरलो' म्हणून त्याच्या हातून 'आय अंब्रेला फरगॉट' होतं. स्पेलिंग आठवेपर्यंत वाक्याचं शेपूट गायब. ह्यातल्या बऱ्याच गोष्टी आवाजाच्या त्या एकाच कप्प्यात घुसतात आणि चित्राचा कप्पा जवळजवळ रिकामा पडून असतो!

म्हणून आधी चित्र काढायचं. गोष्ट आणि तिचा क्रम कागदावर उतरला की डोक्यातल्या दोन जागा मोकळ्या होतात, त्या वाक्याला मिळतात. शिवाय ॲलन पैव्हिओ यांच्या ड्युअल कोडिंग थिअरीप्रमाणे शब्द आणि चित्र असे दोन धागे असले की एक सुटला तरी दुसरा धरून आठवता येतं. चित्र, आवाज, हावभाव हे सगळं भाषाशिक्षणातच धरा असं न्यू लंडन ग्रुप या भाषाशिक्षणाच्या अभ्यासकांच्या गटाने १९९६ मध्येच लिहून ठेवलंय, त्याला मल्टिमोडल म्हणतात.

पण म्हणून स्मार्टबोर्डवर नाचणारी कार्टून्स लावली की झालं असं नाही. रिचर्ड मेयर यांच्या प्रयोगांत विषयाशी संबंध नसलेल्या सजावटीने उलट शिकणं कमी होतं असं दिसलंय. आणि बोटांचे ठसे घेऊन तुमचा मुलगा 'व्हिज्युअल लर्नर', म्हणजे बघूनच शिकणारा, आहे असं सांगणाऱ्यांना कृपया पैसे देऊ नका, ठशांवरून असलं काही कळत नाही. चित्राचा कप्पा सगळ्याच मुलांना असतो.

भाच्याला मी कागदावर चार चौकटी आखून दिल्या. आधी चित्रं, मग मराठीत तोंडी गोष्ट, मग प्रत्येक चित्राखाली एकेक इंग्रजी शब्द, वाक्य सगळ्यात शेवटी. चौथ्या चौकटीत आई पदराने त्याचं डोकं पुसतेय. पदराला इंग्रजीत काय म्हणतात ते मलाही सांगता येईना, तर त्यानेच थोडा विचार करून लिहिलं, 'माय मदर वाइप माय हेअर विथ हर साडी'. वाइपला 'डी' राहिला होता, तो नंतर लावला.