आधी आवाज की आधी चित्र? दृकश्राव्य विश्लेषणामागचा इतिहास

माध्यमशास्त्राच्या विद्यार्थ्याला पहिल्याच सत्रात एक तक्ता आखायला सांगितला जातो. डावीकडे शॉटचा क्रमांक, मग त्याची लांबी, कॅमेऱ्याचे अंतर आणि कोन, हालचाल, प्रकाश, आणि सर्वांत उजवीकडे, उरलेल्या जागेत, ध्वनी. एक म्युझिक व्हिडिओ, चित्रपटातला एक प्रसंग आणि माहितीपटाचा एक तुकडा यांसाठी हा तक्ता भरून आणायचा असतो. आधीचे रकाने काठोकाठ भरतात. शेवटच्या रकान्यात ‘पार्श्वसंगीत’, ‘संवाद’, ‘निवेदन’ असे एकेक शब्द पडतात. या तीन प्रकारांमधला खरा फरक मात्र नेमका तिथेच असतो. ध्वनी आधी तयार झाला आणि चित्र त्यावर बेतले, की चित्र आधी टिपून ध्वनी मागाहून चढवला, की दोन्ही एकाच क्षणी पकडले? आपल्याकडे या तीन पद्धती केव्हा आणि कोणत्या अडचणींतून रुजल्या, हे ठाऊक असले तर तोच तक्ता उजवीकडून भरायला घ्यावासा वाटतो.

ध्वनीचा रकाना शेवटी गेला, कारण शॉट मोजून आणि त्यांचा क्रम तपासून अर्थ लावण्याची रीत मूकपटांच्या काळात घडली. रशियन क्रांतीनंतर मॉस्कोमध्ये दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्ह यांनी एका नटाचा तोच निर्विकार चेहरा वेगवेगळ्या दृश्यांना जोडून दाखवला आणि प्रेक्षकांनी त्यात कधी भूक, तर कधी दुःख वाचले, असे त्या प्रयोगाचे सार सांगितले जाते. मूळ फीत उरलेली नाही. तिथलेच दिग्दर्शक सर्गेई आयझेनस्टाईन यांच्या १९२५ सालच्या ‘बॅटलशिप पोटेमकिन’मधला ओडेसाच्या पायऱ्यांवरचा प्रसंग तर आजही जगभरच्या वर्गांत गणितासारखा सोडवला जातो. बोलपट दाराशी आला तेव्हा आयझेनस्टाईन, पुदोवकिन आणि अलेक्सांद्रोव्ह या तिघांनी १९२८ मध्ये एक निवेदन काढले. पडद्यावर जे दिसते तेच ऐकवत बसलो तर संकलनाची धार जाईल, ध्वनी चित्राच्या मागे चालणारा नव्हे तर त्याच्याशी झुंजणारा हवा, असा त्याचा आशय होता. हे निवेदन अभ्यासक्रमात असते, पण बहुधा मूकपटांच्या प्रकरणाचे शेपूट म्हणून, आणि तिथे ते वाया जाते.

आपल्याकडची सुरुवात माहितीपटाच्या अंगाने झाली. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी १८९९ मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनवर कुस्ती चित्रित केली. धुंडिराज गोविंद फाळके १९१२ मध्ये लंडनहून कॅमेरा घेऊन आले, तेव्हा भांडवल देणाऱ्याची खात्री पटवण्यासाठी त्यांनी कुंडीत वाटाण्याचे दाणे पेरले आणि रोप वाढत असताना ठरावीक काळाने एकेक चौकट (फ्रेम) घेत ‘अंकुराची वाढ’ हा छोटा पट तयार केला. पुढच्या वर्षी, ३ मे १९१३ रोजी, गिरगावातल्या कोरोनेशन सिनेमात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. म्हणजे आपल्या कथापटाच्या आधी एका रोपट्याचे टाइम-लॅप्स आहे. १९१७ मध्ये फाळक्यांनी चित्रपट कसा तयार होतो हे दाखवणारा पटही काढला. त्याच्या शिल्लक भागात ते स्वतः नटांना सूचना देताना आणि फिल्म हाताळताना दिसतात. तंत्राचे विश्लेषण करणारा आपला पहिला धडा तोच म्हणायला हरकत नाही, आणि तो शिकवणारा माणूस स्वतः दिग्दर्शक होता.

या सगळ्यात आवाज नव्हता. तो आला १४ मार्च १९३१ रोजी, ‘आलम आरा’बरोबर. अर्देशीर इराणी यांचा स्टुडिओ रेल्वेमार्गालगत होता, त्यामुळे गाड्या थांबल्यावर, मध्यरात्रीनंतर चित्रीकरण करावे लागे. नटाने गायचे, वादकांनी कॅमेऱ्याला दिसणार नाही अशा जागी दडून साथ करायची, आणि सगळे एकदाच मुद्रित व्हायचे. मायक्रोफोन हलवता येत नसल्याने गाणाराही फारसा हलत नसे. सुरुवातीच्या बोलपटांतली गाणी समोरून, लांबलचक शॉटमध्ये का दिसतात, याचे उत्तर दिग्दर्शकाच्या शैलीत शोधण्याआधी मायक्रोफोनच्या जागेत शोधावे. ‘आलम आरा’ची प्रत आज अस्तित्वात नाही, हे आपले मोठे दुर्दैव.

पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीच्या चित्रपटांतून या अडचणीची पुढची पायरी दिसते. १९३६ सालच्या ‘संत तुकाराम’चे एक दिग्दर्शक विष्णुपंत दामले हे प्रभातचे ध्वनिमुद्रणही सांभाळत आलेले होते. विष्णुपंत पागनीस पडद्यावर अभंग म्हणतात तेव्हा गाणे कथेतून बाहेर पडून ‘सादर’ होत नाही. बोलता बोलता माणूस गुणगुणू लागावा तसे ते येते. (‘आधी बीज एकले’ ही रचना शांताराम आठवले यांची. ती तुकोबांचीच समजून भले भले फसले, यातच तिचे यश आहे.) पुढच्या वर्षी व्ही. शांताराम यांनी ‘कुंकू’ केला. म्हाताऱ्या काकासाहेबांशी फसवून लग्न लावून दिलेल्या नीरेची ही गोष्ट, आणि शांतारामांनी तिच्यातून पार्श्वसंगीतच काढून टाकले. ऐकू येतात ते त्या घरातले आणि रस्त्यावरचे आवाज. घड्याळाची टिकटिक इथे सजावट नाही. ती नवऱ्याच्या सरत्या वयाचा हिशेब करत राहते. शांता आपटे यांनी त्यात लाँगफेलोची इंग्रजी कविताही गायली आहे. १९२८ च्या त्या निवेदनात ज्याची मागणी होती ते पुण्यात नऊ वर्षांनी घडले असे म्हणण्याचा मोह होतो. शांतारामांनी ते निवेदन वाचले होते की नाही हा प्रश्न मला गौण वाटतो. पार्श्वसंगीत काढून घेतल्यावर उरलेला प्रत्येक आवाज अर्थ वाहू लागतो, हे त्यांनी कामातून ओळखले होते.

दरम्यान कलकत्त्यात या साऱ्याला कलाटणी देणारी गोष्ट घडली होती. १९३५ मध्ये न्यू थिएटर्सच्या ‘भाग्यचक्र’ या बंगाली चित्रपटात आणि ‘धूप छाँव’ या त्याच्या हिंदी आवृत्तीत नितीन बोस यांनी आधी मुद्रित केलेले गाणे चित्रीकरणाच्या वेळी वाजवून नटांकडून त्यावर ओठ हलवून घेतले. पार्श्वगायनाची कथा आपण सहसा गायकांच्या बाजूने सांगतो. तंत्राच्या बाजूने पाहिले तर त्या दिवशी चित्र ध्वनीच्या हुकमतीखाली आले, पण त्या बदल्यात त्याला स्थळकाळाची मोकळीक मिळाली. ध्वनी आधीच अखंड आणि पक्का असेल, तर चित्राचे हवे तितके तुकडे करता येतात: मुखडा बागेत, अंतरा डोंगरावर, मधल्या म्युझिक पीसमध्ये तिसरेच गाव आणि तिसरेच कपडे. प्रेक्षकाला झटका बसत नाही, कारण सलगता कान सांभाळतात.

हे सेटवर कसे चालते ते एकदा जवळून पाहण्यासारखे आहे. संपूर्ण गाणे कधीच सलग चित्रित होत नाही. एक ओळ, कधी अर्धीच ओळ स्पीकरवर लावली जाते, आधीच्या ओळीचा शेवट ऐकून नट श्वास घेतो आणि नेमक्या मात्रेवर तोंड उघडतो. एखादी ओळ संथ गतीत हवी असेल तर कॅमेरा सेकंदाला २४ ऐवजी ४८ चौकटींनी चालवतात आणि गाणे दुप्पट वेगाने वाजवतात. बिचारा नट चिरक्या, धावत्या आवाजावर घाईघाईने ओठ हलवतो. पडद्यावर तीच फीत २४ च्या वेगाने चालली की ओठ मूळ गाण्याशी तंतोतंत जुळतात, मात्र केस आणि पदर तरंगू लागतात. म्युझिक व्हिडिओचे विश्लेषण करताना विद्यार्थी ‘स्लो मोशन, स्वप्नवत परिणाम’ एवढेच लिहून पुढे जातो. ओठ मात्र संथ का नाहीत, हे त्याला विचारावे.

पार्श्वगायनातून आणखी एक शक्यता निघाली: ओठ अजिबात न हलवण्याची. गुरुदत्त यांच्या १९५९ सालच्या ‘कागज के फूल’मध्ये ‘वक्त ने किया’ हे गाणे कुणीच गात नाही. रिकाम्या स्टुडिओत उंचावरून एक प्रकाशझोत उतरतो, दोन माणसे त्याच्या अल्याडपल्याड उभी राहतात, आणि गीता दत्त यांचा आवाज त्या दोघांपैकी कोणाचाही नसतो आणि दोघांचाही असतो. छायालेखक व्ही. के. मूर्ती यांच्या त्या झोताबद्दल भरपूर लिहिले गेले आहे, आणि ते योग्यच आहे. पण त्या दोघांचे मिटलेले ओठ झोताइतकेच बोलतात.

माहितीपटाची वाट उलटी होती. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये मुंबईत फिल्म्स डिव्हिजन उभे राहिले आणि प्रत्येक चित्रपटगृहाला मुख्य खेळाआधी मान्यताप्राप्त माहितीपट किंवा वृत्तपट दाखवणे बंधनकारक झाले. देशभर दाखवायचे म्हणजे अनेक भाषांत करायचे, आणि ते स्वस्तात साधण्याचा उपाय एकच होता: चित्र मूक टिपायचे आणि त्यावर भाषेनुसार निवेदन चढवायचे. धरण, शेत, लसीकरण काहीही असो, माणसे पडद्यावर तोंड हलवत आणि भलताच एक भारदस्त आवाज त्यांच्या वतीने बोले. ज्याला पुढे ‘सर्वज्ञ निवेदक’ म्हणून नावे ठेवली गेली, तो निदान आपल्याकडे वैचारिक भूमिकेइतकाच भाषांतराच्या सोयीतूनही जन्मला, असे मला वाटते. याला संस्थेच्या आतूनच छेद गेला. एस. एन. एस. शास्त्री यांच्या १९६७ सालच्या ‘आय अ‍ॅम ट्वेंटी’मध्ये स्वातंत्र्याच्या वर्षी जन्मलेली मुले-मुली स्वतःच्या आवाजात बोलतात, आणि सरकारी पटात ते ऐकताना आजही कान टवकारतात.

त्याआधीच, १९६० च्या सुमारास, खांद्यावर पेलणारे १६ मिलिमीटरचे कॅमेरे आणि नाग्रासारखे सुवाह्य ध्वनिमुद्रक यांच्यामुळे अमेरिका आणि फ्रान्समध्ये चित्र व ध्वनी घटनास्थळी एकत्र पकडणारा माहितीपट आकाराला आला होता. आपल्याकडे त्या पद्धतीला गाण्याचीच जोड मिळाली, हा मला या इतिहासातला सर्वांत विलक्षण भाग वाटतो. आनंद पटवर्धन यांच्या १९८५ सालच्या ‘हमारा शहर’मध्ये मुंबईतल्या झोपड्या पाडल्या जात असताना शाहीर विलास घोगरे गाताना दिसतात. १९९७ मध्ये घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरातल्या गोळीबारानंतर घोगरे यांनी आयुष्य संपवले. तिथून सुरू झालेले पटवर्धनांचे चित्रीकरण चौदा वर्षांनी, २०११ मध्ये, ‘जय भीम कॉम्रेड’ म्हणून पुढे आले. त्यातली शाहिरी आधी मुद्रित केलेली नाही. संकलक मध्ये श्रोत्यांचे चेहरे घालू शकतो, ढोलकीवरचे हात घालू शकतो, पण आवाज त्या वस्तीचाच, त्या संध्याकाळचाच राहतो. चित्रगीत आणि हे गीत या दोन्हींत माणूस गातो आणि शॉट तुटतात. फरक कळायला शेवटच्या रकान्यातच जावे लागते.

म्युझिक व्हिडिओची गोष्ट थोडक्यात सांगता येते, कारण निम्मी सांगून झाली आहे. अमेरिकेत १ ऑगस्ट १९८१ रोजी एमटीव्ही सुरू झाले, तेव्हा ओळीगणिक बदलणारी स्थळे ही तिथे नवलाई होती. आपल्याकडे ती चार दशकांहून जुनी सवय होती. मुंबई दूरदर्शन १९७२ मध्ये सुरू झाल्यावर ‘छायागीत’ने चित्रपटातली गाणी कथेतून उचलून एकामागोमाग एक दाखवली, आणि कथेविना गाणे पाहण्याचे वळण घरोघर लागले. १५ ऑगस्ट १९८८ रोजी ‘मिले सुर मेरा तुम्हारा’ आले. धबधब्याशी उभ्या पंडित भीमसेन जोशींपासून निघून एकच सूर भाषा आणि प्रदेश ओलांडत जातो. अशोक पत्की आणि लुई बँक्स यांनी बांधलेली ती सलगता नसती तर तीच चित्रे पर्यटन खात्याची जाहिरात झाली असती. चॅनल व्ही, अलिशा चिनॉय यांचे ‘मेड इन इंडिया’, एमटीव्ही इंडिया हे सारे १९९४ ते १९९६ या तीन वर्षांतले.

हे सर्व वर्गात शिकवायची सोय पुण्यात झाली. १९६० मध्ये प्रभातच्याच आवारात फिल्म इन्स्टिट्यूट आली, १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय, आणि प्रा. सतीश बहादूर व पी. के. नायर यांच्यामुळे चित्रपट रसास्वादाला शिस्त मिळाली. त्या पिढीतला विद्यार्थी संकलनाच्या स्टीनबेक टेबलावर बसे तेव्हा चित्राची रीळ एका थाळीवर आणि ध्वनीची दुसऱ्या थाळीवर असे; एक काढून दुसरी फिरवता येई. ध्वनी आणि चित्र या दोन वेगळ्या वस्तू आहेत हे त्याच्या बोटांना कळत होते. फ्रेंच अभ्यासक मिशेल शिऑन यांनी १९९० मध्ये हाच व्यायाम पद्धत म्हणून मांडला: प्रसंग एकदा आवाज बंद करून पाहा, एकदा चित्र झाकून ऐका, मग दोन्ही एकत्र. आजच्या विद्यार्थ्यासमोर दोन्ही एकाच फाइलमध्ये येतात.

दरम्यान कथापट बराच काळ डबिंगकडे वळला होता. बाहेर चित्रीकरण वाढले, हलके कॅमेरे मोठा आवाज करत, आणि संवाद नंतर बंद खोलीत बोलून घेणे हाच रिवाज झाला. २००१ मध्ये ‘लगान’ने भुजजवळच्या माळावर थेट ध्वनी घेतला, त्यानंतर वारे पुन्हा फिरले. त्या थेट ऐकण्याची गोडी नव्या मराठी चित्रपटालाही लागली. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’मध्ये डुकरामागे धावणारे कुटुंब शाळेजवळ येते, आणि आतून राष्ट्रगीत सुरू होते. गाणारे दिसत नाहीत. त्या कुटुंबातला मुलगा जब्या थबकतो, त्याच्यापाठोपाठ घरचेही जागच्या जागी ताठ उभे राहतात, आणि इतक्या खटाटोपाने कोंडीत आणलेले डुक्कर निवांत निघून जाते. त्या शॉटसाठी तक्ता भरायला घेतला तर हालचालीच्या रकान्यात ‘नाही’ लिहावे लागते, आणि ध्वनीच्या रकान्याला जागा पुरत नाही.