भेगांची वंशावळ

भिंतीच्या रंगाचे पोपडे सुटायला लागले की काही दिवसांत ते आपल्याला दिसेनासेच होतात. हा आळस नव्हे, मेंदूची काटकसर. ‘भिंत’ एवढं ओळखलं की त्याचं काम भागतं. पण कॅमेरा जवळ नेऊन वीतभर तुकडाच चौकटीत धरा. दाराची कड, खिळा, स्विच सगळं बाहेर ठेवा. आता मेंदूची पंचाईत होते. मोजमापाला आधारच नाही! हा पोपडा, की विमानातून दिसणारा किनारा? नाव सापडेना, म्हणून डोळा रेषा, पोत, रंग बघू लागतो. अमूर्त चित्र जन्मतं ते इथे. अमेरिकी छायाचित्रकार ॲरन सिस्किंड यांनी १९४० च्या दशकापासून उखडलेला रंग आणि फाटकी पोस्टरं अशीच टिपली.

मला स्वतःला भेगांचा नाद आहे, कारण त्यांची वंशावळ वाचता येते. रंगाचा थर सुकताना आकसू पाहतो, खालची भिंत मात्र त्याला आकसू देत नाही. ताण साठतो आणि थर तडकतो. पहिल्या भेगेच्या काठाशी तिला आडवा असलेला ताण मोकळा होतो. तिच्या लांबीच्या दिशेचा तेवढा उरतो. म्हणून नंतरची भेग जुनीला येऊन मिळते ती जवळपास काटकोनात. तिठ्यावर जी सरळ पुढे गेली ती थोरली, जी थांबली ती धाकटी. चिखल मात्र पुन्हापुन्हा भिजून सुकला, की हेच कोन १२० अंशांकडे सरकतात आणि षटकोन दिसू लागतात.

भेगांसारखाच डागही आपण कसा सुकलो ते सांगतो. कॉफीच्या डागाची कडच गडद का, हे १९९७ मध्ये शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी उलगडलं. थेंबाची कड जागीच चिकटून राहते आणि बाष्पीभवन तिथे सर्वांत वेगाने होतं. ती तूट भरायला मधला द्रव कडेकडे धावतो आणि कणही सोबत नेतो.

फोटो काढायचाच तर भिंतीला घासून जाणाऱ्या तिरप्या उजेडात काढा. पोपड्यांची जाडी सावल्यांतून उठून येते. उजेड वरून येत असेल, तर मग फोटो उलटा करून बघा. उजेड वरूनच पडतो, असं मेंदू धरून चालतो. त्यामुळे मघाचे फुगवटे आता खड्डे दिसतील.