अंतर, फॉरगिव्हनेस आणि स्पिन: ड्रायव्हरच्या तुलनेची पार्श्वभूमी

गोल्फचा नवा ड्रायव्हर, म्हणजे सर्वांत लांबचा फटका मारायचा क्लब (गोल्फची काठी), घ्यायला निघालेला पुण्यातला खेळाडू आज तीन गोष्टी विचारतो: चेंडू किती लांब जाईल, फटका मधोमध बसला नाही तर किती नुकसान होईल, आणि चेंडूला स्पिन किती लागेल. हे प्रश्न एका दमात विचारले जात असले, तरी ते एका काळात जन्मलेले नाहीत. अंतराचा प्रश्न खेळाइतकाच जुना आहे. फॉरगिव्हनेस, म्हणजे खेळाडूची चूक पोटात घालण्याची क्लबची ताकद, हा निकष लाकडी ड्रायव्हर जाऊन धातूचा आला त्या काळात रुजला. स्पिनचा आकडा तर साध्या हौशी खेळाडूच्या हाती आला त्याला फार तर वीस वर्षे झाली असतील. हा क्रम ध्यानात घेतला नाही, तर तुलना करताना चुकीच्या आकड्यावर भर दिला जातो, आणि माझ्या मते आज तो चुकीचा आकडा बहुतेक वेळा अंतराचाच असतो.

मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात एका रविवारी मला लाकडी डोक्याचा एक ड्रायव्हर मिळाला. डोके मुठीत मावेल एवढेच होते. तळाला पितळेची पट्टी होती, चेंडूला भिडणाऱ्या बाजूवर, म्हणजे फेसवर, वेगळ्या रंगाचा एक तुकडा चार स्क्रूंनी बसवलेला होता, आणि मानेवर काळा दोरा इतका घट्ट गुंडाळलेला होता की त्याखाली नख शिरत नव्हते. हे लाकूड पर्सिमनचे. अमेरिकेतला हा वृक्ष आपल्या टेंभुर्णीचा जवळचा नातलग आहे. दोघेही डायोस्पायरॉस या एकाच प्रजातीतले आणि आबनूसही त्याच कुळातले. गोंदिया-गडचिरोलीच्या जंगलांत ज्या झाडाची पाने विड्यांसाठी खुडली जातात, त्याच्या अमेरिकी भावंडाच्या कठीण, दाट लाकडाने विसाव्या शतकातला बहुतेक काळ गोल्फमधला सर्वांत लांबचा फटका सांभाळला.

या लाकडी डोक्याचे घनफळ साधारण दीडशे घनसेंटिमीटरच्या आसपास असे. डोके भरीव असल्यामुळे त्याचे वजन मध्याभोवती एकवटलेले राही, आणि फटका मध्यापासून थोडा जरी सरकला तरी डोके हातात फिरे. कारागिरांना हे ठाऊक होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘बल्जर’ नावाचे, फेसला किंचित फुगवटा असलेले क्लब आले आणि तो फुगवटा आजतागायत टिकून आहे. त्यामागचे कारण असे: उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू फेसच्या टोकाला, म्हणजे दांड्यापासून दूरच्या कडेला, लागला की डोके उजवीकडे उघडते, आणि दोन दातेरी चाके एकमेकांना उलट फिरवतात तसा चेंडू डावीकडे वळणारा स्पिन घेऊन निघतो. फुगवट्यामुळे असा चेंडू आधीच थोडा उजवीकडे सुटतो आणि मग वळत वळत फेअरवेवर, म्हणजे मैदानाच्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर, परत येतो. फॉरगिव्हनेस हा शब्द गोल्फच्या जाहिरातींत येण्याच्या कितीतरी आधी ती सोय लाकडात कोरली गेली होती.

स्पिनचा शास्त्रीय विचारही याच सुमारास सुरू झाला. एडिंबरा येथील पदार्थवैज्ञानिक पी. जी. टेट यांनी 1890 च्या दशकात गोल्फच्या चेंडूच्या मार्गाचा अभ्यास करून दाखवले, की चांगल्या फटक्याचा चेंडू हवेत इतका वेळ तरंगतो तो केवळ वेगामुळे नव्हे. मागच्या दिशेने फिरण्यामुळे, म्हणजे बॅकस्पिनमुळे, त्याला वर उचलणारे बल मिळते. त्यांचा मुलगा फ्रेडी टेट हा 1896 आणि 1898 साली ब्रिटिश अमॅच्युअर स्पर्धा जिंकणारा खेळाडू होता, त्यामुळे घरात या विषयाला प्रयोगशाळा आणि मैदान अशा दोन्ही बाजू होत्या. पुढे कोबर्न हॅस्केल यांचा रबराचे धागे गुंडाळलेला चेंडू 1898 मध्ये आला, आणि विल्यम टेलर यांनी 1905 मध्ये चेंडूवरच्या खळग्यांच्या पेटंटसाठी अर्ज केला. खळग्यांमुळे हवेचा रोध घटतो आणि बॅकस्पिनमुळे मिळणारी उचल वाढते, म्हणून तेव्हापासून ड्रायव्हरचा कोणताही विचार चेंडूला वगळून करता येत नाही.

खरा पालट 1979 मध्ये झाला. गॅरी अॅडम्स यांनी टेलरमेड ही कंपनी सुरू करून 12 अंश लॉफ्टचा (लॉफ्ट म्हणजे फेसचा मागे कललेला कोन) पोलादी ड्रायव्हर बाजारात आणला आणि त्याला ‘पिट्सबर्ग पर्सिमन’ असे नाव दिले. पोलादाच्या शहराचे नाव लाकडाच्या नावापुढे जोडण्यात नव्याला जुन्याची ओळख देण्याचा प्रयत्न होता. भोसरी किंवा चिंचवडला ओतकामाच्या कारखान्यात काम केलेल्या कोणालाही या डोक्याचे मर्म चटकन कळेल. मेणाचा नमुना करायचा, त्यावर सिरॅमिकचे थर चढवायचे, मेण वितळवून काढायचे आणि त्या पोकळीत पोलाद ओतायचे, अशी ही इन्व्हेस्टमेंट कास्टिंगची पद्धत. तिच्यामुळे पातळ कवचाचे पोकळ डोके करता आले. भरीव लाकडात वजन मध्यभागी अडकून पडत होते, ते पोकळ कवचात आपोआप कडांकडे गेले. कडेला वजन असलेले डोके फिरवायला अवघड असते, आणि म्हणून मध्य चुकलेल्या फटक्यातही ते कमी फिरते. वजन कडेला नेण्याचा हा विचार कार्स्टन सोलहाइम यांनी आपल्या पिंग या कंपनीच्या पटर (चेंडू भोकाकडे ढकलायचा क्लब) आणि लोखंडी क्लबांत आधीच रूढ केला होता. ड्रायव्हरमध्ये तो धातूमुळे शक्य झाला.

पुढची झेप कॅलवे या कंपनीची. 1991 चा ‘बिग बर्था’ पोलादाचा आणि सुमारे 190 घनसेंटिमीटरचा होता. 1995 चा ‘ग्रेट बिग बर्था’ टायटॅनियमचा आणि 250 चा, तर 1997 चा त्याहून मोठा भाऊ 290 चा. पोलादाची घनता पाण्याच्या जवळपास 7.8 पट, तर टायटॅनियमच्या मिश्रधातूची सुमारे 4.4 पट असते, आणि डोक्याचे वजन तर 200 ग्रॅमच्या आसपासच ठेवावे लागते; मग त्याच वजनात मोठे डोके हवे असेल तर हलका आणि तरीही बळकट धातू वापरण्याशिवाय गत्यंतर नव्हते. लाकडाचा निरोप मात्र एका दिवसात झाला नाही. बर्नहार्ड लँगर यांनी 1993 ची मास्टर्स स्पर्धा पर्सिमनच्या ड्रायव्हरने जिंकली, तोवर बहुतेक प्रतिस्पर्धी धातूकडे वळलेले होते.

टायटॅनियमबरोबर एक नवी गोष्ट आली. फेस पुरेसा पातळ झाला की तो फटक्याच्या क्षणी किंचित आत दबतो आणि परत येतो. याला स्प्रिंगसारखा परिणाम म्हणतात, पण त्यात जादा ऊर्जा कुठूनही येत नाही. टकरीत सर्वाधिक ऊर्जा वाया जाते ती चेंडू चेपला जाण्यात. फेस थोडा दबला तर चेंडू कमी चेपतो आणि नुकसान घटते. या परिणामाला लगाम घालण्यासाठी अमेरिकेतल्या गोल्फचे नियम ठरवणाऱ्या यूएसजीए या संस्थेने 1998 मध्ये मर्यादा घातली. ती प्रत्यास्थता गुणांकाच्या, म्हणजे सीओआरच्या, रूपात होती (टकरीनंतर दोघांच्या एकमेकांपासून दूर जाण्याच्या वेगाचे टकरीआधीच्या जवळ येण्याच्या वेगाशी असलेले प्रमाण) आणि सूट धरून 0.830 इतकी होती. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या आर अँड ए या दुसऱ्या नियामक संस्थेने मात्र तेव्हा अशी मर्यादा मानली नाही, त्यामुळे 2000 सालच्या कॅलवेच्या ‘ईआरसी’ मालिकेतले ड्रायव्हर ब्रिटनमध्ये चालत आणि अमेरिकेत चालत नसत. आर्नल्ड पामर यांच्यासारख्या दिग्गजाने हौशी खेळाडूंसाठी ‘ईआरसी टू’ची बाजू घेतल्यावर मोठा वाद झाला. पुढे दोन्ही संस्था एका मर्यादेवर आल्या, आणि 2004 पासून फेसचा लवचीकपणा एका छोट्या लंबकाने मोजला जाऊ लागला. लंबकाचे टोक फेसला किती काळ टेकून राहते ते त्यात पाहिले जाते, आणि मर्यादा सूट धरून 257 मायक्रोसेकंद आहे. डोक्याच्या घनफळाला त्याच सुमारास 460 घनसेंटिमीटरची, सूट वेगळी, मर्यादा आली.

अंतराच्या प्रश्नाचे उत्तर मला इथे सापडते. 200 ग्रॅमचे डोके, नियमाने 45.93 ग्रॅमहून जड असू न शकणारा चेंडू आणि 0.83 चा गुणांक घेऊन साधे गणित केले, तर मधोमध बसलेल्या फटक्यात चेंडूचा वेग डोक्याच्या वेगाच्या सुमारे 1.49 पट येतो. यालाच आज स्मॅश फॅक्टर म्हणतात. चांगले ड्रायव्हर या मर्यादेपाशी 2004 च्या सुमारासच पोहोचले होते. म्हणून त्यानंतर दरवर्षी ‘आणखी दहा यार्ड’ असा जो दावा केला जातो, तो मधोमध बसलेल्या फटक्यापुरता खरा असणे कठीणच आहे. पीजीए टूरवरची, म्हणजे अमेरिकेतल्या पुरुष व्यावसायिकांच्या स्पर्धामालिकेतली, ड्रायव्हरच्या अंतराची सरासरी 1980 मध्ये सुमारे 257 यार्ड होती आणि 2003 मध्ये ती 286 च्या आसपास गेली, यात डोक्याचा वाटा मोठा होता. पण 2000 ते 2001 या एका वर्षात ती साधारण 6 यार्डांनी वाढली, त्याचे श्रेय प्रामुख्याने धागे गुंडाळलेल्या चेंडूची जागा घेणाऱ्या, भरीव गाभ्याच्या नव्या चेंडूंना दिले जाते. या चेंडूंना ड्रायव्हरने कमी स्पिन लागत असे, आणि त्यामुळे खेळण्याची पद्धतच पालटली. जुन्या काळी चेंडू खालून निघून स्पिनच्या जोरावर वर चढत असे. नव्या चेंडूला सुरुवातीपासूनच उंच सोडावे लागते, म्हणून डोके मोठे झाले तशी टीही (चेंडू ठेवायची छोटी खुंटी) उंच झाली.

मग स्पर्धा वळली फॉरगिव्हनेसकडे. डोके फिरण्याला जो विरोध करते त्याचे माप म्हणजे निरूढी परिबल, ज्याला दुकानापासून मैदानापर्यंत सगळे एमओआय म्हणतात. 2006 पासून त्यालाही मर्यादा आली: 5,900 ग्रॅम-चौरस सेंटिमीटर, आणि वर 100 ची सूट. त्या मर्यादेला शिवण्यासाठी 2007 मध्ये चौकोनी डोक्यांचे ड्रायव्हरही आले. ते सरळ मारत, पण त्यांचा आवाज रिकामा डबा वाजल्यासारखा होता, आणि फटक्याचा आवाज खेळाडूला किती प्रिय असतो हे त्यावेळी कळले. ती लाट ओसरली. नियमातली एक बारीक बाब मात्र महत्त्वाची आहे: ही मर्यादा डोके डावी-उजवीकडे फिरण्यापुरतीच आहे, वर-खाली कलण्याला नाही. 2024 मध्ये पिंग आणि टेलरमेड यांनी ‘10के’ अशी जाहिरात करत जे ड्रायव्हर आणले, त्यांतला दहा हजारांचा आकडा या दोन्ही दिशांच्या परिबलांची बेरीज आहे. ग्राहकाने तो एकट्या मर्यादेशी ताडून पाहिला, तर हा क्लब नियमात बसतो कसा, असा प्रश्न पडणे साहजिक आहे.

स्पिन आणि फॉरगिव्हनेस यांच्यातला ताण याच वजनाच्या जागेतून निर्माण होतो, आणि तुलनेतला हा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. वजन मागे आणि कडेला नेले की परिबल वाढते, पण गुरुत्वमध्य फेसपासून दूर गेल्यामुळे फटक्याच्या क्षणी डोके थोडे वर कलते, लॉफ्ट वाढतो आणि स्पिनही वाढतो. वजन पुढे आणि खाली आणले की स्पिन घटतो, पण मध्य चुकलेल्या फटक्याला मिळणारे संरक्षणही घटते. 2013 मध्ये टेलरमेडच्या ‘एसएलडीआर’ने ही दुसरी वाट टोकाला नेली आणि कंपनीने खेळाडूंना जास्त लॉफ्ट घ्यायला सांगितले. तेव्हापासूनची बहुतेक धडपड या दोन टोकांना जवळ आणण्याची आहे. माथ्याला कार्बन फायबर वापरून वाचवलेले ग्रॅम कुठे ठेवायचे, 2004 च्या ‘आर 7 क्वाड’प्रमाणे हलवता येणारी वजने कशी वापरायची, 2008 च्या नियमबदलानंतर मानेचा कोन बदलून लॉफ्ट कसा जुळवायचा, हे सारे त्या एका ओढाताणीचे निरनिराळे तोडगे आहेत.

स्पिन मोजणे सोपे झाले ते डॉप्लर रडारमुळे. डेन्मार्कच्या ट्रॅकमनची स्थापना 2003 ची आहे. या कंपनीने प्रसिद्ध केलेल्या आणि बरीच वर्षे वापरात असलेल्या सरासऱ्यांनुसार पीजीए टूरवर डोक्याचा वेग ताशी 113 मैल, चेंडू सुटण्याचा कोन 10.9 अंश आणि स्पिन मिनिटाला 2,686 फेरे होता. महिला व्यावसायिकांच्या एलपीजीए टूरवर हेच आकडे 94 मैल, 13.2 अंश आणि 2,611 असे होते. हौशी पुरुष खेळाडूने टीव्हीवरच्या पुरुष व्यावसायिकांऐवजी या दुसऱ्या ओळीकडे पाहावे, कारण त्याचा स्वतःचा वेग त्या ओळीच्या जवळ असण्याची शक्यता जास्त. कमी वेगाच्या फटक्याला अगदी कमी स्पिनचा ड्रायव्हर दिला तर चेंडू तरंगण्याआधीच खाली येतो.

पुण्यात या विचाराला हवामानाची जोड द्यावी लागते. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर उंचीवर आहे आणि इथली हवा मुंबईपेक्षा साधारण 5 टक्के विरळ आहे, त्यामुळे रोध आणि उचल दोन्ही थोडे कमी मिळतात. येरवड्याच्या पूना क्लबच्या कोर्सवर एप्रिल-मेमध्ये कडक झालेल्या फेअरवेवर कमी स्पिनचा, सपाट उतरणारा चेंडू बराच पळतो. जुलैमध्ये तोच चेंडू ओल्या जमिनीत रुततो आणि हवेत कापलेले अंतर, म्हणजे कॅरी, तेवढेच पदरात पडते. टोकियो ऑलिंपिकमध्ये भारताकडून खेळलेले उदयन माने पुण्याचेच. त्यांच्यासारख्या खेळाडूच्या हातात फटका मधोमध बसण्याचे प्रमाणच वेगळे असते, म्हणून त्यांच्या पिशवीतला ड्रायव्हर आपल्याला तसाच लाभेल असे नाही.

गेल्या उन्हाळ्यात मी दोन ड्रायव्हर ताडून पाहिले, तेव्हा दोन्हींच्या फेसवर टाल्कम पावडरचा पातळ थर दिला. प्रत्येक फटक्यानंतर त्यावर खळग्यांची एक गोल जाळी उमटत होती. पहिल्या चार-पाच खुणा मधोमध होत्या, आणि दमायला लागल्यावर त्या हळूहळू टोकाकडे आणि खाली सरकत गेल्या. कमी स्पिनच्या ड्रायव्हरने एक फटका दिवसातला सर्वांत लांब मारून दिला. तरीही मी दुसरा घेतला, कारण टोकाकडच्या खुणांचे चेंडू त्याच्याकडून फेअरवेवर राहिले होते. चाचणीसाठी सरावाच्या रेंजवरचे घासलेले चेंडू न वापरता नेहमीचाच चेंडू नेला होता, दोन्हींचा शाफ्ट, म्हणजे दांडा, एकाच लांबीचा मागून घेतला होता, आणि वाईट फटके वगळले नव्हते. घरी आल्यावर जुन्या बाजारातल्या त्या पर्सिमनकडे पुन्हा पाहिले. फेसवरच्या तुकड्याचे पॉलिश मधोमध जवळजवळ शाबूत आहे, आणि टोकाकडच्या दोन स्क्रूंच्या पलीकडे लाकूड झिजून काळपट पडले आहे.