पार्श्वभूमी : जीपचा मागचा ॲक्सल, मोठी चाके आणि फुल फ्लोटिंगचा वाद

कोल्हापुरात चिखलात, घाटवाटांत गाड्या घालणाऱ्यांचा गोतावळा वाढला, तशी मागच्या ॲक्सलची चर्चाही वाढली. पण मजबूत ॲक्सलची गरज इथे हौशी मंडळींच्या कितीतरी आधी वडापवाल्यांना, म्हणजे जीपमध्ये खचाखच प्रवासी भरून नेणाऱ्यांना, भासली होती. तो काळ बाजूला ठेवला तर आजचा वाद अर्धवटच कळतो.

दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपचा मागचा ॲक्सल फुल फ्लोटिंग होता, म्हणजे चाक फिरवणाऱ्या शाफ्टवर गाडीचे वजन येत नसे. युद्धानंतर तीच जीप शेतीकामासाठी विकायला निघाली आणि थोड्याच काळात मागे सेमी फ्लोटिंग ॲक्सल आला, ज्यात तोच शाफ्ट वजनही पेलतो. भारतात 1947 पासून जीपची जोडणी सुरू झाली. पुढे सीजे-3बी हे जीपचे मॉडेल इथे रुळले आणि त्यासोबत डाना 44 हा सेमी फ्लोटिंग ॲक्सल गावोगावच्या गॅरेजमध्ये पोचला. साडेआठ इंची क्राऊन (ॲक्सलमधले मोठे दातेरी चाक), 5.38 चा रेशो (चाकाच्या एका फेरीला इंजिनाकडून येणाऱ्या शाफ्टच्या 5.38 फेऱ्या), चाकाकडच्या टोकाला निमुळता शाफ्ट, त्यावर चावी घालून बसवलेला हब आणि तो आवळून धरणारा एक मोठा नट. पेट्रोल इंजिन आणि 6.00-16 चे अरुंद टायर एवढ्यासाठी हे भरपूर होते.

नव्वदच्या दशकात वडापने या ॲक्सलचा घाम काढला. कमांडर जीपगाड्यांत आत दाटीवाटीने माणसे, मागे लोंबकळणारी वेगळी, टपावर पोती. हे सगळे ओझे मागच्या चाकांच्याही मागे, म्हणजे शाफ्टवर सर्वांत वाईट ताण. त्यात डिझेल इंजिनाचा कमी फेऱ्यांतला जोर. नट किंचित ढिला पडला की हब निमुळत्या टोकावर सरकायचा, चावी कापली जायची आणि इंजिन ओढत असूनही गाडी जागची हलायची नाही. त्याहून वाईट म्हणजे बेअरिंगपाशी शाफ्ट तुटून चाक बाहेर येणे. जादा पाटे चढवून गाडी मागून उचलली जाई, पण शाफ्टवरचे वजन तेवढेच राही.

फुल फ्लोटिंगचा आग्रह याच अनुभवातून आला. यात गाडीचे वजन हौसिंगच्या, म्हणजे ॲक्सलच्या बाहेरच्या नळीच्या, टोकावरच्या स्पिंडलला आणि हबमधल्या दोन बेअरिंगना पेलावे लागते. शाफ्ट फक्त पीळ (फिरवणारा जोर, टॉर्क) पोचवतो. तो तुटला तरी चाक जागेवर राहते. ट्रकांना हीच रचना असते. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव इथल्या फाउंड्र्या आणि लेथमुळे हब ओतून, टर्न करून घेणे कोल्हापूरकराला अवघड वाटत नाही. म्हणूनच हा वाद इथे नुसता गप्पांपुरता उरला नाही.

वाद असा : एका बाजूचे म्हणणे, हलक्या ट्रकचे जुने हौसिंग आणून बसवा, विषय संपला. दुसरी बाजू म्हणते, डाना 44 च ठेवा आणि शाफ्ट चांगल्या पोलादाचे करून घ्या. दोन्हीकडे एक गोष्ट सुटते. फुल फ्लोटिंग केल्याने शाफ्टची पीळ सोसण्याची ताकद वाढत नाही. दगडात अडकलेल्या चाकावर क्लच सोडला तर फुल फ्लोटिंगचाही शाफ्ट जाईल. मोडलेला शाफ्ट हातात घेतला की कारण कळते. स्प्लाइन (शाफ्टच्या टोकावरचे उभे दाते) दोरीसारखे पिळलेले असतील तर तो जोराने गेला. तुटलेल्या तोंडावर शिंपल्यासारख्या रेषा आणि एका कडेला खरखरीत ताजा भाग असेल, तर तडा बरेच दिवस वाढत होता, म्हणजे वजनाने वाकून वाकून गेला. पहिल्या प्रकारच्या मोडीला उपाय 10 ऐवजी 19 किंवा 30 स्प्लाइनचा जाड शाफ्ट, ईएन-24 पोलादाचा, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे नीट हीट ट्रीटमेंट. नुसता कडक केलेला शाफ्ट ठिसूळ होतो. दुसऱ्याला फुल फ्लोटिंगशिवाय खरा उपाय नाही. करूळ किंवा भुईबावडा घाट सामान भरून उतरणाऱ्याने याच बाजूला जावे, असे मला ठामपणे वाटते. चाक निसटले तर तिथे सावरायला जागा नसते.

ट्रकचे हौसिंग आणले की रेशोचा गुंता येतो. पुढे 5.38 आणि मागे 4.88 राहिला तर फोर व्हीलमध्ये ट्रान्सफर केसकडून (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणारी पेटी) येणाऱ्या पुढच्या-मागच्या शाफ्टच्या फेऱ्यांत दहा टक्के फरक पडतो. चिखलात चाके घसरून तो जिरवतात. कोरड्या जांभ्यावर तोच ताण ट्रान्सफर केसवर जातो. शिवाय हौसिंग रुंद, बोल्टचे वर्तुळ वेगळे. जीपचे पाच बोल्ट साडेपाच इंची वर्तुळावर असतात, म्हणून मग ॲडॅप्टर प्लेटा आल्या. जुन्याच हौसिंगला स्पिंडल वेल्ड करायचा तर नळी तापून वाकते. वेल्डनंतर डायल गेज लावून सरळपणा न पाहिल्यास आधी ऑइल सील गळतो, मग बेअरिंग आवाज करते.

चाकांची हौस यानंतरची, आणि बहुतेक मोडतोडीचे मूळही तीच. 29 इंचाच्या जागी 33 इंची टायर घातला की शाफ्टवर येऊ शकणारा पीळ सुमारे 14 टक्क्यांनी वाढतो आणि 5.38 चा रेशो 4.73 सारखा वागू लागतो. ओढ कमी पडते, मग क्लच सोडून झटके दिले जातात. चाक बाहेर काढणाऱ्या ऑफसेटच्या रुंद डिस्कने (टायर बसतो त्या रिमने) बेअरिंगवरचा तरफेचा भार आणखी वाढतो. लोखंडी डिस्क वाकली तर घणाने सरळ करून घरी येता येते, अलॉयला तडा गेला की संपले. गगनबावड्याच्या पावसात दगड पाण्याखाली दिसत नाहीत, तिथे मी लोखंडीच सांगेन.

2015 मध्ये महिंद्राच्या थारला मागे लॉकिंग डिफरन्शियलचा (दोन्ही मागची चाके एकत्र जखडणाऱ्या यंत्रणेचा) पर्याय मिळाला, तेव्हा ॲक्सलवरच्या चर्चेत नवी भर पडली. एक चाक हवेत असताना सगळा जोर उरलेल्या एका शाफ्टवर येतो, त्यामुळे शाफ्टची निवड अधिक नाजूक झाली. 2019 च्या जानेवारीतल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निवाड्याने कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत बदलांना मज्जाव केला. तेव्हापासून परक्या गाडीचे हौसिंग आणि मापाबाहेरची चाके घेऊन पासिंगला जाणे कठीण झाले, आणि त्याच हौसिंगमध्ये जाड शाफ्ट घालण्याकडे कल वळला.