'गॅस धरला असेल' म्हणण्याआधी

गेल्या मार्गशीर्षात एका पहाटे तीनच्या सुमाराला माझ्या मामीची डावीकडची दाढ ठणकायला लागली. तिने लवंग धरली, कोमट पाण्याच्या गुळण्या केल्या. अंगाला दरदरून घाम सुटला तो पदराने टिपला. मग मळमळायला लागलं तेव्हा 'रात्रीचं वांगं बाधलं, गॅस धरलाय' म्हणत ओवा आणि काळं मीठ चावून खाल्लं. एक ढेकर आला, जरा बरं वाटलं, आणि ती भाकऱ्या थापायला बसली. तालुक्याच्या डॉक्टरांपुढे ती पोचली तेव्हा सकाळचे साडेदहा वाजून गेले होते. दाढेला काहीच झालं नव्हतं. ईसीजीच्या पट्टीवर मात्र हृदयविकाराचा मोठा झटका स्पष्ट दिसत होता.

दुखणं हृदयाचं असताना कळ जबड्यात का यावी? बोटात काटा रुतला तर डोळे मिटूनही नेमकी जागा सांगता येते, कारण त्वचेचा बारीक नकाशा मेंदूत असतो. आतल्या अवयवांचा नकाशा फार ढोबळ असतो. हृदयाकडून वेदनेचा निरोप आणणारे मज्जातंतू पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत छातीच्या वरच्या भागात शिरतात. छातीच्या कातडीकडून आणि डाव्या हाताच्या आतल्या बाजूने येणारे तंतूही साधारण तिथेच पोचतात. काही निरोप मानेच्या आणि जबड्याच्या तंतूंना जाऊन मिळतात. मेंदूला हाताचं, दातांचं दुखणं जन्मापासून ओळखीचं. हृदयाचं दुखणं त्याने बहुधा कधीच अनुभवलेलं नसतं. म्हणून तो ओळखीच्या जागेचं नाव घेतो.

गॅसचा घोटाळाही असाच होतो. अन्ननलिकेचे तंतू हृदयाच्या तंतूंच्या शेजारीच मज्जारज्जूत येतात. शिवाय हृदयाची खालची भिंत श्वासपटलावर टेकलेली असते आणि त्याच्या खालीच जठर. त्या भिंतीचा रक्तपुरवठा तुटला तर उलटी, मळमळ, पोटाच्या वरच्या टोकाला दडपण अशीच लक्षणं येतात. ढेकर आल्यावर किंवा पित्ताची गोळी घेतल्यावर बरं वाटलं, म्हणून हृदय ठीक आहे असं मुळीच ठरत नाही. बायकांमध्ये आणि मधुमेहाच्या जुन्या रुग्णांमध्ये तर छातीत कळ न येता नुसता दम लागणं, गळून गेल्यासारखं वाटणं, पाठ किंवा जबडा दुखणं एवढंच घडू शकतं. मामीला बारा वर्षांपासून साखर होती.

तिच्या हृदयात त्या पहाटे काय चाललं होतं ते सांगतो. हृदयाला स्वतःचं रक्त करोनरी धमन्यांतून मिळतं. या धमन्या जेमतेम तीन-चार मिलिमीटर रुंद. त्यांच्या आतल्या अस्तराखाली वर्षानुवर्षं चरबीचा थर साचतो. एखाद्या दिवशी त्यावरचा पापुद्रा फाटतो, शरीराला ती जखम वाटते आणि तिथे रक्ताची गुठळी धरते. फाटणारा थर प्रत्येक वेळी मोठाच असतो असं नाही. 'महिन्यापूर्वी तर सगळे रिपोर्ट नॉर्मल होते' हे वाक्य आपण ऐकतो, त्याचं कारण हेच. रस्ता फारसा अरुंद झालेला नसला, तरी गुठळी तो पुरता बंद करू शकते.

धमनी पूर्ण बंद झाली की साधारण वीस मिनिटांनी हृदयाचा स्नायू मरायला लागतो, आधी आतला थर, मग हळूहळू बाहेरचा. मेलेला स्नायू परत उगवत नाही, तिथे व्रण राहतो. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन असो की अँजिओप्लास्टी, पहिल्या तासा-दोन तासांत जितका स्नायू वाचतो तितका सहा तासांनी वाचत नाही. मामी वाचली. पण निरोगी हृदयाचा डावीकडचा खालचा कप्पा दर ठोक्याला आतलं निम्म्याहून जास्त रक्त बाहेर टाकतो, मामीचा आता ३५ टक्केच टाकतो. देवळाच्या अकरा पायऱ्या चढताना ती दोनदा थांबते. मला हे लिहितानाही त्या सात तासांचा राग येतो.

म्हणून छाती, जबडा, खांदा किंवा पोटाच्या वर दडपण आलं, सोबत घाम किंवा दम असला, तर १०८ ला फोन लावा, स्वतः गाडी चालवत जाऊ नका. ईसीजीला पाच-दहा मिनिटं लागतात. पहिला ईसीजी कधी साफ येतो, म्हणून डॉक्टर तो पुन्हा काढतात आणि रक्तातलं ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात उतरणारं प्रथिन, तपासतात. तेवढा वेळ तिथे थांबा.

आता त्या आधीच्या वर्षांविषयी. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात ५२ देशांतले रुग्ण तपासले गेले. पहिल्या झटक्याचा जवळपास ९० टक्के धोका नऊ गोष्टींत सापडला, आणि त्यातल्या तंबाखू, रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल, पोटाचा घेर या आपल्या घरोघरच्या. दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका साधारण ५३ व्या वर्षी आला, इतरत्र ५९ च्या आसपास. तंबाखू चघळणाऱ्यांचा धोकाही सुमारे दुप्पट निघाला. आपल्याकडे विडी-सिगारेट ओढणाऱ्याला सगळे बोलतात, पण पहाटे चुलीपाशी बसून मशेरी लावणाऱ्या बाईला कोणी काही म्हणत नाही. हिरड्यांतून निकोटिन थेट रक्तात जातं. मामीने चाळीस वर्षं मशेरी लावली.

मिठाचंही तसंच. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमहून कमी मीठ सांगते, म्हणजे सपाट चमचाभरही नाही. त्यात भाकरीतलं, आमटीतलं, लोणच्यातलं सगळं आलं. पापडखारातही सोडियमच असतं. रक्तदाब वाढलेला अंगाला जाणवत नाही, तो पट्टा बांधूनच कळतो. तिशीनंतर वर्षातून एकदा तरी तो मोजून घ्या, आणि गोळी सुरू झाली असेल तर 'आता नॉर्मल आहे' म्हणून परस्पर बंद करू नका. नॉर्मल आहे ते त्या गोळीमुळेच.

मागच्या महिन्यात शेजारचे तात्या मामीच्या दारात आले. छातीत जळजळत होतं, ओवा मागत होते. मामीने त्यांना ओट्यावर बसवलं आणि १०८ लावला. दोन ईसीजी झाले, रक्त तपासलं, संध्याकाळी तात्या घरी आले. त्यांना खरंच पित्त झालं होतं. मामीने मग त्यांना ओवा दिला.