आतड्याच्या पिशव्या, पोटावरची पिशवी आणि दुर्बिणीचं ऑपरेशन

आमचं म्हापशातलं छोटं दुकान सर्जिकल सामानाचं, डॉक्टर आम्ही नव्हे, पण स्टोमा बॅग, म्हणजे ऑपरेशननंतर शौच जमा करायला पोटावर लावायची पिशवी, न्यायला आलेली घरची माणसं काउंटरवर रोज तेच तेच विचारतात म्हणून हे पान छापलंय. बॉक्सबरोबर न्या, घरी निवांत वाचा.

पहिला घोटाळा नावाचा. डॉक्टर म्हणतात आतड्याला पिशव्या झाल्यात, मग ऑपरेशन होऊन पोटावर पिशवी लागते, आणि घरात सगळ्यांना वाटतं ती हीच. तसं नाही हो. मोठ्या आतड्याच्या भिंतीत रक्तवाहिनी शिरते ती जागा कच्ची असते, तिथून आतलं अस्तर बाहेर फुगतं, जुन्या टायरमधून ट्यूब डोकावते तसं, ते डायव्हर्टिक्युला. वय झालं की बऱ्याच जणांना असतात, त्रास काही नसतो. त्यांना सूज आली की डायव्हर्टिक्युलायटिस, साधा असेल तर ऑपरेशनशिवाय बसतो.

कॉम्प्लिकेटेड म्हणजे पू साठून गळू होणं, आतडं फुटणं, अरुंद होऊन अडणं, नाहीतर लघवीच्या पिशवीला भोक पडून दोघांची वाट एक होणं. मग लघवीतून हवा येते, लोक लाजून सांगत नाहीत, सांगा. सीटी स्कॅननंतर डॉक्टर हिंचे १ ते ४ अशी स्टेज सांगतात: १ आणि २ म्हणजे गळू, ३ म्हणजे पोटभर पू, ४ म्हणजे पोटात शौच पसरलेली.

गळू ३-४ सेंमीपेक्षा मोठं असलं तर बहुतेकदा सीटी किंवा सोनोग्राफीवर बघत बारीक नळी घालून पू काढतात, पोट उघडत नाहीत.

आता दुर्बीण. ५ ते १२ मिमीची चार-पाच भोकं, पोटात कार्बन डायऑक्साइड भरून जागा करतात, कॅमेऱ्यात बघत आतड्याचा सिग्मॉइड नावाचा खराब भाग सोडवून कापतात, छोट्या छेदातून बाहेर काढतात आणि वरचं टोक खालच्या रेक्टमला (गुदाशयाला) गोल स्टेपलरने जोडतात, तो स्टेपलर शौचाच्या वाटेनेच आत जातो. मग ओटीपोटात पाणी भरून खालून हवा मारतात, बुडबुडे आले तर जोड गळतोय, पंक्चरवाला टबात ट्यूब बुडवतो अगदी तस्संच. जखम छोटी म्हणून दुखणं कमी, माणूस लवकर उठून चालतो. सूज फार असली तर मध्येच पोट उघडावं लागतं, त्यात फसवणूक नसते, उलट शहाणपणा असतो.

स्टेज ३ ला नुसतं दुर्बिणीने पोट धुवायचं, आतडं कापायचंच नाही, असंही करतात. ऐकायला गोड, बॅगही टळते, पण हॉलंडमधली त्याची ट्रायल त्रास जास्त होतोय म्हणून मध्येच थांबवली होती, निकाल २०१५ साली छापून आले. स्टेज ४ ला हा उपाय नाहीच.

बॅग लागते ती हार्टमन ऑपरेशनने, १९२१ सालापासूनची ही पद्धत. पेशंट फार आजारी असला तर आतडं लगेच जोडणं धोक्याचं, म्हणून टोक पोटावर आणून ठेवतात. पुष्कळांचं काही महिन्यांनी परत जोडतात, कधी तेही दुर्बिणीने, पण सगळ्यांची तब्येत तेवढी साथ देत नाही, सर्जनला आधीच स्पष्ट विचारा. गोवा सरकारच्या आरोग्य योजनेचं दीनदयाळ कार्ड चालतं का तेही हॉस्पिटलात ऑपरेशनआधी विचारा. आतड्याचा तो भाग काढला नसेल तर साधारण ६ आठवड्यांनी कोलोनोस्कोपी, म्हणजे शौचाच्या वाटेने कॅमेरा घालून आतडं तपासणं, सांगतात, कॅन्सर नाही ना बघायला, ती चुकवू नका.

पेरूच्या बिया अडकून हे होतं म्हणतात, २००८ सालच्या अमेरिकेतल्या मोठ्या पाहणीत शेंगदाणे, सुकामेवा खाणाऱ्यांना हा त्रास जास्त झालेला दिसला नाही. ऑपरेशननंतर मात्र डॉक्टर सांगतील तोवर उकड्या तांदळाची पेजच बरी.

आमच्या कामाचं एकच. स्टोमा, म्हणजे पोटावर आणलेलं आतड्याचं टोक, सुरुवातीला सुजलेला असतो, पुढचे ६ ते ८ आठवडे लहान होत जातो. एका काकींनी दहाच्या दहा फ्लँज, म्हणजे स्टोमाभोवती कातडीला चिकटणाऱ्या चकत्या, पहिल्याच मापाने कापून ठेवल्या, तिसऱ्या आठवड्यात भोक मोठं पडलं, भोवतीची कातडी सोलली. दर वेळी माप घ्या, मापाचं कार्ड आम्ही फुकट देतो, बॉक्स एकच न्या. आणि लवकर जोडणी झाली तर न फोडलेला बॉक्स बिलासकट आणा, पैसे परत देतो.